रेघांची लिपी : उशिरा केलेले एक परीक्षण

गेल्या गणेशोत्सवात कार्यक्रमांचे वेळापत्रक सभासदांना ई-मेलने पाठवण्याचे काम मंडळाच्या कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले. "हा कॉम्प्युटरवाला आहे, नीट करील," असा त्यामागचा विश्वास. चित्र नको, जोडलेली फाइल नको, साध्या मजकुरातच पाठवू, म्हणजे कुणालाही उघडेल, हे मीच ठरवले. दिवस, वेळ, कार्यक्रम आणि जबाबदारी असे चार रकाने आखले. मध्ये बारीक उभ्या रेघा, बाहेरून दुहेरी रेघांची चौकट. मराठी शब्दांमुळे उजवीकडची रेघ दर ओळीला आत-बाहेर होत होती. ती सरळ करण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. अखेर माझ्या पडद्यावर वेळापत्रक लग्नपत्रिकेसारखे देखणे दिसू लागले आणि मी ते रवाना केले.

दुसऱ्या दिवशी मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांचा फोन आला. काकांची दृष्टी गेली काही वर्षे अधू झाली आहे. आलेली पत्रे ते संगणकाकडून मोठ्याने वाचून घेतात. म्हणाले, "अरे, तुझं वेळापत्रक दोनदा ऐकलं. आरती किती वाजता ते अजून कळलेलं नाही, पण तुझ्या रेघा मात्र पाठ झाल्या!"

मला आधी अर्थबोध झाला नाही. मग त्यांनी फोन संगणकाजवळ धरला. यंत्र एकसुरी आवाजात बोलत होते : बॉक्स ड्रॉइंग्ज डबल हॉरिझॉन्टल, बॉक्स ड्रॉइंग्ज डबल हॉरिझॉन्टल, बॉक्स ड्रॉइंग्ज डबल हॉरिझॉन्टल... माझ्या वरच्या रेघेत अशी साठ-सत्तर चिन्हे होती आणि प्रत्येकाचे नाव, गाव, गोत्र ते इमाने इतबारे सांगत होते. आम्ही दोघेही हसलो. वेळा मी तोंडी सांगितल्या. फोन खाली ठेवल्यावर मात्र हसू ओसरले, कारण ही चूक मी दुसऱ्यांदा करत होतो. पहिली तीस वर्षांपूर्वीची. तिच्याकडे येतोच.

वाचकहो, मी समीक्षक नव्हे. अभियांत्रिकीत डॉक्टरेट केली, आज्ञावल्या लिहून पोट भरतो. आपल्याकडे परीक्षण व्हायचे ते पुस्तकांचे, नाटकांचे आणि फार तर अधिवेशनातल्या जेवणाचे. पण संगणकातली चिन्हांची यादी हीसुद्धा कुणीतरी विचारपूर्वक केलेली रचना असते. तिच्यात सौंदर्य असते, तडजोडी असतात, पक्षपात असतो. ज्या रेघांनी मला या धंद्याची गोडी लावली, त्यांचे परीक्षण करायचे राहून गेले होते. ते आता करतो.

आधी या रेघा म्हणजे काय ते सांगतो. आपण संगणकात अक्षर लिहितो तेव्हा यंत्र अक्षराचे चित्र साठवत नाही, एक संकेतांक साठवते. तसेच संकेतांक आडव्या रेघेला, उभ्या रेघेला, चार कोपऱ्यांना आणि रेघा जिथे मिळतात त्या तिठ्या-चौकांना दिले, की अक्षरे लिहावीत तशी चौकट लिहिता येते. ─ ही आडवी, │ ही उभी, ┌ हा कोपरा, ┼ हा चौक. ठिपक्यांच्या रांगोळीसारखा हा प्रकार : ठिपके समान अंतरावर, आणि प्रत्येक घरात कुठली रेघ बसवायची एवढेच तुमच्या हातात.

आयबीएमने १९८१ साली पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या २५६ चिन्हांच्या संचात अशा ४० रेघा होत्या. एकेरी रेघांची ११ चिन्हे, दुहेरी रेघांची ११ आणि एकेरी-दुहेरीच्या सोयरिकीची १८. संकेतांक १७९ ते २१८. ज्यांनी नव्वदच्या दशकात डॉसवर काम केले त्यांना नॉर्टन कमांडरची दोन निळी तावदाने आठवत असतील, टर्बो सीच्या खिडक्या आठवत असतील. त्या सगळ्या चौकटी या चाळीस चिन्हांच्या होत्या. माउस नाही, चित्र नाही, ८० रकाने आणि २५ ओळींचा पडदा. आणि तरीही त्यावर खिडक्या उघडायच्या, यादी खाली सरकायची, सावल्यासुद्धा पडायच्या.

मी सांगलीकडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकलो. तिथे आम्हाला २०१, २०५, १८७, १८६, २००, १८८ हे आकडे पाढ्यांसारखे पाठ होते : डावा वरचा कोपरा, आडवी रेघ, उजवा वरचा कोपरा, उभी रेघ, आणि खालचे दोन कोपरे. हे सहा आकडे ज्याला येतात तो प्रोग्रॅमर, अशी साधी व्याख्या होती.

या संचाचे कौतुक आधी करायला हवे, कारण त्यामागे खरी कारागिरी आहे. त्या यादीतला क्रम प्रथमदर्शनी अगदी गबाळा वाटतो. एकेरी चौकटीचे चार कोपरे २१८, १९१, १९२ आणि २१७ अशा ठिकाणी विखुरलेले आहेत. मला अनेक वर्षे वाटे, की कुणीतरी घाईत कप्पे भरले असावेत. नंतर कारण कळले. त्या काळच्या मजकुराच्या पडद्यावर, आणि पुढे व्हीजीएवरही, अक्षराचा आकार आठ ठिपके रुंद असे, पण त्याला जागा नऊ ठिपक्यांची मिळे. नववा ठिपका मोकळा, म्हणजे दोन अक्षरे चिकटत नाहीत. पण रेघ मात्र चिकटायलाच हवी, नाहीतर ती तुटक दिसेल. म्हणून यंत्रात असा नियम घातला होता, की १९२ ते २२३ या संकेतांकांपुरता आठवा ठिपका नवव्यात पुन्हा काढायचा. आता यादी पाहा. ज्या रेघांना उजवीकडे हात आहे, ज्यांना पुढच्या घरातल्या रेघेला शिवायचे आहे, त्या सगळ्या १९२ नंतर आहेत. त्याआधीच्या तेरांपैकी एकीलाही उजवा हात नाही. गबाळेपणा नव्हे, नेमकेपणा आहे. अक्षरांना अंतर आणि रेघांना स्पर्श, ही दोन्ही गरजा एका ठिपक्यात भागवलेल्या आहेत. अभियंता म्हणून याला दाद द्यावीच लागते.

आता ती पहिली चूक. १९९५ च्या सुमारास क्लासच्या सरांनी गावाकडच्या एका पतपेढीचे काम घेतले आणि ठेवीदारांच्या याद्या छापण्याचा प्रोग्रॅम मला लिहायला दिला. मराठीत छापण्याची सोय आमच्याकडे नव्हती, तेव्हा नावे इंग्रजी लिपीत. बाहेरून दुहेरी चौकट, आत रकाने. खाते क्रमांक, ठेव, व्याज, मुदत यांना जागा दिल्यावर नावाला उरल्या अठरा अक्षरांच्या जागा. आपल्याकडे बाईचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव मिळून अठरात कसे बसणार? जास्तीची अक्षरे उजवी रेघ ढकलत आणि चौकट फुटे. मी दोन मिनिटे विचार केला आणि एक ओळ लिहिली : अठरानंतरचे कापून टाक. चौकट पुन्हा सरळ झाली. सर खूश झाले.

त्या पतपेढीत दोन बायका अशा होत्या, की दोघींचे नाव एक, नवऱ्याचेही नाव एक. फरक काय तो आडनावात. आणि आडनाव माझ्या कात्रीने नेले होते. व्याजाची चिठ्ठी एकीची दुसरीला गेली. दोघींनाही इंग्रजी वाचता येत नव्हते. रक्कम कमी कशी म्हणून त्यांतल्या एकीने काउंटरवर विचारले, तेव्हा घोळ उघडकीस आला. मग कारकुनाने त्या सुंदर चौकटीच्या बाहेर, समासात, निळ्या शाईने दोन्ही आडनावे मराठीत लिहिली. तो कागद मला दाखवण्यात आला. कुणी रागावले नाही. पण चौकट वाचावी म्हणून मी नाव कापले होते, हे त्या निळ्या शाईत स्वच्छ दिसत होते.

मी तेव्हा त्याला जागेची अडचण म्हटले. आज त्याला या चिन्हांचा स्वभाव म्हणतो. रेघांच्या लिपीचे एक गृहीत आहे : एक चिन्ह म्हणजे एक घर, आणि सगळी घरे सारखी. हे गृहीत पाळणारा मजकूर चौकटीत बसतो. न पाळणाऱ्याला कापावे लागते, नाहीतर चौकट मोडते.

याला जोडूनच दुसरा दोष येतो. संकेतांकाला स्वतःचा चेहरा नसतो, वाचणारा देईल तो चेहरा. पतपेढीची ती यादी पहिल्यांदा छापली तेव्हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने आडव्या दुहेरी रेघेच्या जागी तिरप्या वळणाच्या इंग्रजी एमची रांग छापली होती. कारण प्रिंटरच्या आतले एक इवलेसे बटण रेघांच्या संचाऐवजी तिरप्या अक्षरांच्या संचावर होते. तिथे २०५ म्हणजे ७७ अधिक १२८, आणि ७७ म्हणजे एम. पुढे विंडोज आले. त्याच्या पश्चिम युरोपीय संचात रेघा नव्हत्याच. डॉसमधली एकेरी चौकट तिथे उघडली, की आडव्या रेघेच्या जागी डोक्यावर दोन टिंबे घेतलेल्या एची माळ दिसे आणि उभ्या रेघेच्या जागी वर उचललेला बारीक तीन.

अमेरिकेत शिकायला आल्यावर प्रयोगशाळेत तिसरा अवतार पाहिला. डिजिटल कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलमध्ये रेघांना वेगळे संकेतांक नव्हते. विशिष्ट आज्ञा दिली, की लहान इंग्रजी अक्षरांच्याच जागी रेघा उमटत. क्यू म्हणजे आडवी रेघ, एक्स म्हणजे उभी, एल आणि के हे वरचे कोपरे. ती पद्धत टर्मिनल जाऊनही राहिली. जोडणीत काही चुकले, की मेनूच्या वरच्या रेघेऐवजी एल-क्यू-क्यू-क्यू-क्यू-के अशी ओळ दिसे. प्रयोगशाळेतल्या नव्या विद्यार्थ्याला तो व्हायरस वाटे. मला मात्र एमची रांग आठवून घरच्यासारखे वाटे.

इथवरचा गोंधळ हसण्यावारी नेता येईल. पण आपल्या लिपीशी या रेघांची जी गाठ पडली, ती मला फार नंतर कळली. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण आहे; १९९१ साली ते भारतीय मानक झाले. त्यात इंग्रजी अक्षरांना हात न लावता भारतीय अक्षरे १६१ च्या पुढे ठेवली. योजना उत्तम. एकच यादी, आणि लिपी देवनागरी असो, बंगाली असो की कन्नड, क चा संकेतांक तोच. आता एक दिवस दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहा. इस्कीत क चा संकेतांक १७९. आयबीएमच्या संचात पहिली रेघ कुठे? १७९ वर. इस्कीत ह आहे २१६ वर. रेघा संपतात २१८ वर. म्हणजे क पासून ह पर्यंतची आपली सगळी व्यंजने नेमकी रेघांच्या डोक्यावर येऊन बसली होती.

याचा अर्थ असा, की इस्कीत लिहिलेला मराठी मजकूर साध्या डॉसच्या पडद्यावर उघडला, तर कमळ हा शब्द │╠╥ असा दिसणार आणि घर ╢╧ असे दिसणार. आणि उलट, माझ्या पाढ्यातली ती दुहेरी चौकट इस्की समजणाऱ्या यंत्राने वाचली तर ती अशी येईल :

फययययझ
ज    ज
पययययञ

मी हे पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिले तेव्हा बराच वेळ त्याकडे पाहत बसलो. क्लासमध्ये मी वर्षभर फ, य, झ, ज, प, ञ हीच अक्षरे पाठ करत होतो, आणि मला वाटत होते की मी रेघा शिकतो आहे.

अशी टक्कर झाली की कुणीतरी माघार घ्यायची. कुणी कशी घेतली हे पाहणे उद्बोधक आहे. पश्चिम युरोपसाठीच्या ८५० क्रमांकाच्या संचात एकेरी-दुहेरी सोयरिकीच्या त्या १८ रेघा काढून टाकल्या आणि त्यांच्या काही जागा टिंबांच्या, टोप्यांच्या अक्षरांना दिल्या. ज्या जुन्या प्रोग्रॅमांना त्या रेघा लागत, त्यांच्या चौकटींच्या सांध्यांत भलतीच अक्षरे डोकावू लागली, चालवून घेतले. तिथे अक्षर जिंकले. रशियन भाषेसाठीच्या ८६६ क्रमांकाच्या संचात नेमके उलट. ё वगळता लहान रशियन अक्षरे ३२, त्यांची पहिली १६ ठेवली १६० ते १७५ वर, आणि उरलेली १६ थेट २२४ पासून पुढे. मध्ये रेघा जशाच्या तशा. चौकटी मोडू नयेत म्हणून एका मोठ्या भाषेने आपली वर्णमाला मधोमध कापून दोन्हीकडे सरकून बसण्याचे मान्य केले. मला पतपेढीतली माझी कात्री आठवली. तीच युक्ती, मोठ्या मापाची.

पुढे युनिकोड आले. जगातल्या सर्व लिप्यांना एकाच यादीत आपापली कायमची जागा, ही त्याची प्रतिज्ञा. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच रेघांना स्वतंत्र विभाग मिळाला आणि त्यात १२८ चिन्हे बसली. आज आपण 'रेघांची चिन्हे' म्हणतो ती हीच, तेव्हा खरे परीक्षण या १२८ चे.

रचना म्हणून पाहिले तर हा विभाग अर्धा शास्त्रशुद्ध आणि अर्धा वारशाने आलेला आहे. प्रत्येक चिन्हाला चार हात : वर, खाली, डावा, उजवा. प्रत्येक हात नसेल, बारीक असेल किंवा जाड असेल. असे एकूण ८१ प्रकार, त्यातला सगळे हात नसलेला वगळला की उरतात ८०. यादीत मोजून पाहिले : बरोबर ८० आहेत, एकही राहिलेला नाही. ही शिस्त पाहून बरे वाटते. पण दुहेरी रेघेचा न्याय वेगळा. बारीक आणि दुहेरी हातांचे, किमान एक हात दुहेरी असलेले, ६५ प्रकार संभवतात. यादीत आहेत फक्त २९, म्हणजे जेवढ्या १९८१ च्या त्या संचात होत्या तेवढ्याच. जाड आणि दुहेरी यांची भेट तर कुठेच नाही. गोल कोपरे चारच, तेही फक्त बारीक. तीन तिरप्या आणि बारा तुटक रेघा मिळून हिशेब १२८ ला पुरा होतो. एखाद्या वाड्याचे दोन चौक नकाशाबरहुकूम बांधावेत आणि तिसरा आजोबांनी बांधला तसाच ठेवावा, तसे हे झाले आहे.

इथे एक आक्षेप मनात येतो आणि तो मी लपवत नाही. त्याच १९९१ च्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाल्या १०४. आपला ॲ, ज्याच्याशिवाय 'ॲसिड' नीट लिहिता येत नाही, तो एक स्वतंत्र अक्षर म्हणून यादीत आला २००८ साली. सतरा वर्षे आपण अ वर चंद्र ठेवून किंवा हिंदी वळणाचा ऍ वापरून भागवले. पेशव्यांचे दफ्तर जिच्यात आहे ती मोडी लिपी आली २०१४ साली. चौकटीचा जाड-बारीक कोपरा मात्र पहिल्या दिवसापासून हजर.

आक्षेप बोचरा आहे, पण पुरता न्याय्य नाही, हेही सांगितले पाहिजे. देवनागरीच्या १०४ चिन्हांतून जोडाक्षरे घडतात. रेघांना तशी घडण नाही, म्हणून प्रत्येक सांधा वेगळा मोजावा लागतो. संख्येची तुलना त्यामुळे फसवी आहे. दुसरे म्हणजे, युनिकोडचा नियमच असा होता, की आधीच्या प्रमाणांतले चिन्ह यादीत घ्यायचे, म्हणजे जुना मजकूर नव्यात नेऊन पुन्हा जुन्यात आणला तरी काही हरवत नाही. रेघा अमेरिकेच्या यंत्रांत होत्या, जपानच्या राष्ट्रीय प्रमाणात १९८३ पासून ३२ रेघा होत्या. त्यांचा तक्ता तयार होता. मोडीचा तक्ता कुणी केलेला नव्हता. रेघांवर कुणाचे प्रेम होते म्हणून त्या आधी आल्या नाहीत. त्यांची नोंद कुणीतरी आधी करून ठेवली होती म्हणून आल्या. दोष द्यायचा तर थोडा आपल्यालाही द्यावा लागेल.

आणि नोंद ठेवण्याचे महत्त्व युनिकोड अजून मानते. २०२० च्या आवृत्तीत जुन्या घरगुती संगणकांवरची आणि टेलिटेक्स्टवरची २१२ चित्रचिन्हे नव्या विभागात आली, २०२४ मध्ये त्याच जातीची आणखी ६८६. यावर काही जण नाक मुरडतात. मी मुरडत नाही. जुन्या फाइली वाचता यायलाच हव्यात. पतपेढीची ती यादी कुठल्या फ्लॉपीवर असेलच, तर ती एमच्या रांगेशिवाय उघडावी, असे मलाही वाटते. जतन करणे वेगळे आणि नव्याने वापरणे वेगळे, एवढाच माझा मुद्दा आहे.

कारण या रेघांचा वापर आज संपलेला नाही, उलट वाढतो आहे. माझ्या कामावरची तरुण मुले काळ्या पडद्याची टर्मिनले हौसेने वापरतात आणि त्यांच्या अवजारांच्या चौकटी या १२८ चिन्हांच्याच असतात. प्रोग्रॅमच्या टिपणांत आकृत्या काढायच्या तर याच रेघा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला आकृती मागा, तोही बहुतेकदा हीच रांगोळी घालतो. एका तरुण सहकाऱ्याशी मी वाद घातला. तो म्हणाला, "चित्राची फाइल दहा वर्षांनी उघडेल की नाही सांगता येत नाही. साधा मजकूर मात्र उघडेल. शोधता येतो, कापून चिकटवता येतो, कालच्यात आणि आजच्यात काय बदलले ते ओळीगणिक दिसते." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रोग्रॅमच्या आत, इंग्रजीत, ठरावीक रुंदीच्या अक्षरांत, बघणाऱ्या डोळ्यांसाठी, या रेघांना तोड नाही.

पण त्या प्रत्येक शब्दावर अट आहे. इंग्रजीत, ठरावीक रुंदीत, बघणाऱ्यासाठी. चिनी-जपानी मांडणीत यांतल्या बहुतेक रेघा एक घर घ्यायच्या की दोन, हे प्रमाणानेच संदिग्ध ठेवले आहे, त्यामुळे तीच चौकट तिथे दुप्पट रुंद होऊ शकते. ओळींमधले अंतर थोडे वाढवले की उभी रेघ तुटते. म्हणून आजची बरीच टर्मिनले फॉन्टवर न विसंबता या रेघा स्वतःच काढतात. आणि मराठीचे म्हणाल, तर 'क्षत्रिय' हा शब्द घ्या. डोळ्याला दिसतात तीन अक्षरे. यंत्राच्या लेखी संकेतांक आठ. साठवायला बाइट चोवीस. पडद्यावरची रुंदी यांपैकी कुठल्याच आकड्याशी जुळत नाही, ती फॉन्ट ठरवतो. प्रोग्रॅमने उजवी रेघ कुठे मारायची? मी स्वतः करून पाहिले आहे. तीन वेगवेगळ्या पडद्यांवर ती तीन ठिकाणी पडते. माझी ती संध्याकाळ वाया गेली ती यामुळेच. माझ्या पडद्यावरची सरळ चौकट इतरांच्या फोनवर करवतीच्या दात्यांसारखी दिसत होती. संकोचाने कुणी बोलले नाही, इतकेच.

गंमत अशी, की रेघ आधी आणि अक्षर नंतर, ही कल्पना आपल्याला परकी नाही. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे लटकवी. पण त्या रेघेवर घरे आखलेली नसत. लांब नावाला लांब जागा, आखूड नावाला आखूड. रेघ नुसता आधार देई, माप घेत नसे. देवनागरीची शिरोरेघही तशीच. अक्षर जेवढे रुंद तेवढी ती लांबते. रेघ अक्षराच्या मापाने असावी, अक्षर रेघेच्या मापाने नव्हे, हे आपल्या लिपीने पूर्वीच ठरवून टाकले आहे. ते मला एवढ्या पदव्या घेऊन उमगायला पन्नाशी जवळ यावी लागली.

आता काकांच्या तक्रारीकडे. तिच्यात या चिन्हांचा सर्वांत मोठा दोष आहे. माझ्या वेळापत्रकात 'रात्री ७.३०' आणि 'आरती' यांचे नाते काय होते? मध्ये एक उभी रेघ होती, बस. पाहणाऱ्याला ते नाते दिसते, कारण त्याचा डोळा आडवा धावतो आणि वरच्या मथळ्यापर्यंत जातो. मजकुरात मात्र ते नाते कुठेच लिहिलेले नाही. तिथे रेघ आहे, रकाना नाही. वेब पानावर जे खरे कोष्टक करतात त्यात 'ही ओळ, हा रकाना, हा मथळा' असे स्वच्छ सांगितलेले असते. वाचून दाखवणारे यंत्र मग रेघांबद्दल ब्र न काढता सांगते : वेळ, साडेसात, कार्यक्रम, आरती. रेघ डोळ्यांना दिसेल किंवा न दिसेल, अर्थ पोचतो. रेघांच्या लिपीने अर्थाचे रूप तेवढे साठवले, अर्थ साठवला नाही.

तेव्हा माझा निवाडा असा. १९८१ च्या यंत्रासाठी या रेघा म्हणजे थोड्या सामग्रीत केलेला उत्तम संसार होता. युनिकोडने त्या जतन केल्या हे योग्यच केले. प्रोग्रॅमरांनी आपापसांत वापराव्यात, मीही वापरीन. पण ज्या मजकुरात माणसांची नावे आहेत, वेळा आहेत, पैसे आहेत, आणि जो कोण कसा वाचणार हे आपल्याला ठाऊक नाही, तिथे त्यांच्यावर भार टाकू नये. त्या तो पेलत नाहीत. आणि पेलत नाहीत हे, ज्याला चौकट सरळ दिसते, त्याला कधीच कळत नाही.

मंडळाच्या इतर कामांतही हे लागू आहे, असे मला वाटते. आपण सभासदांची यादी करतो तेव्हा 'पहिले नाव' आणि 'आडनाव' अशी दोन घरे ठेवतो; वडिलांचे वा नवऱ्याचे नाव कुठे जाते? त्या यादीचा प्रोग्रॅमही मीच लिहिलेला आहे, हे कबूल करतो. पुढच्या महिन्यात तो बदलतो आहे. नावाला एकच घर, हवे तेवढे लांब, आणि मराठीत लिहिले तरी चालेल असे.

गौरी विसर्जनाच्या दिवसासाठी वेळापत्रक पुन्हा पाठवले, ते साध्या वाक्यांत. "शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मुलांचे कार्यक्रम. साडेसात वाजता आरती. त्यानंतर प्रसाद." एकही रेघ नाही. संध्याकाळी काकांचा फोन आला. "या वेळी एकदाच ऐकलं," ते म्हणाले, "आणि हे बघ, साडेसात म्हणजे साडेसातच ना? की मंडळाचे साडेसात?"

त्याला मात्र माझ्याकडे संकेतांक नव्हता.